‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे? मोबाइलवरील सरकारी इशारे आणि सोलापूरकरांचा विश्वास

२० जुलै २०२३ च्या सकाळी साडेदहाच्या सुमारास मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात बसलो होतो. चालू मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते, त्यामुळे फोन वाजतो आहे हे कानांच्या आधी खिशाला कळले. पाहतो तो जॉबर (मागांची देखभाल करणारा कारागीर), कांड्या भरणाऱ्या अक्का आणि चहाची किटली घेऊन आलेला मुलगा हे तिघेही आपापला फोन हातावर धरून, तो आता फुटतो की काय अशा नजरेने त्याकडे पाहत होते. मालकांनी जवळचे दोन माग थांबवले तेव्हा अक्कांचा प्रश्न ऐकू आला, “दादा, बँकेतले पैसे गेले का हो?”

पैसे गेलेले नव्हते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी उभारल्या जाणाऱ्या आपत्कालीन इशारा यंत्रणेची ती चाचणी होती, आणि केंद्राच्या दूरसंचार विभागाने पाठवलेल्या त्या संदेशात ‘याकडे दुर्लक्ष करावे, आपल्याकडून कोणतीही कृती अपेक्षित नाही’ असे स्पष्ट म्हटले होते. चाचणीत दुसरे लिहिणार तरी काय, हे खरे. पण बहुतेक लोकांनी ऐकलेली सरकारची पहिली एवढी मोठी आरोळी ‘दुर्लक्ष करा’ अशी निघाली, हेही तितकेच खरे. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि टीव्हीवर सकाळपासून त्याच बातम्या चालू होत्या, त्यामुळे इशाऱ्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागत नव्हती. तरीही पहिली शंका आली ती पैशांची. लोक असे का वागतात, हे समजून घ्यायचे तर हे इशारे पोहोचतात कसे, येथून सुरुवात करावी लागेल.

सरकारी इशारा आपल्या फोनवर मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट साध्या एसएमएसची. तो पत्रासारखा असतो: प्रत्येक क्रमांकासाठी स्वतंत्र पाठवावा लागतो, लाखो क्रमांक असले की रांग लागते, आणि रांगेत शेवटी असलेल्याला ‘पुढील तीन तासांत’ असा संदेश तीन तास उलटल्यावरही मिळू शकतो. दुसरी वाट सेल ब्रॉडकास्टची, आणि ती म्हणजे निव्वळ दवंडी. हलगी वाजवत चौकात आलेल्या माणसाकडे गावकऱ्यांच्या नावांची यादी नसते. जो चौकात आहे त्याला ऐकू येते. त्याचप्रमाणे मोबाइलचा टॉवर आपल्या टापूतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश ऐकवतो. त्याला क्रमांक लागत नाही, इंटरनेट लागत नाही, रांग लागत नाही आणि फोनचा आवाज बंद ठेवला असला तरी हा संदेश वाजू शकतो. ठरलेल्या मुदतीत टॉवर तोच संदेश पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो, त्यामुळे मधेच फोन सुरू करणाऱ्यालाही तो मिळतो. मात्र फोन बंद असेल, विमान-स्थितीत असेल किंवा पुरात टॉवरचीच वीज गेली असेल, तर दवंडी पिटणाराच मुका झाला असे समजावे.

या फरकातून एका मोठ्या गैरसमजाचे उत्तर मिळते. “सरकार आमच्या फोनमध्ये शिरले, आता आम्ही कुठे जातो तेही त्यांना दिसणार,” हे वाक्य मी त्या आठवड्यात रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत अनेकांच्या तोंडून ऐकले. वस्तुस्थिती उलट आहे. सेल ब्रॉडकास्ट एकाच दिशेने जातो. तो कोणाला मिळाला, कोणी वाचला, कोणी पुसला हे पाठवणाऱ्याला कळत नाही. सोलापुरात एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर घरोघरची घड्याळे लावली जात, पण भोंगा आपल्यावर पाळत ठेवतो असे कोणाला वाटले नाही, कारण तो फक्त ओरडत असे. हा संदेशही फक्त ओरडतो. गंमत अशी की वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपले ठिकाण विचारून घेते, कारण आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात काय चालले आहे हे त्याला दाखवायचे असते; आणि ते मात्र लोक बिनदिक्कत देतात. जे आपण स्वतः घेतले ते आपले, जे न विचारता आले ते परके, असा हा हिशेब असतो.

आता सोलापुरात सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारीकडे वळू: “मेसेज येतो, पाऊस येत नाही.”

उन्हाळ्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत येणाऱ्या संदेशांची भाषा आता पाठ झालेली आहे. पुढील तीन तासांत सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह, विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि सोसाट्याचा वारा. वाचणारा खिडकीतून बाहेर बघतो, ऊन रणरणत असते, आणि तो हवामान खात्याला चार शब्द सुनावून कामाला लागतो. पण या वाक्यातील ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द सहज आलेला नाही. हवामान विभागाच्या परिभाषेत त्याला मोजमाप आहे: त्या भागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्यापुढे ‘सर्वत्र’ किंवा ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ हा अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी जिल्ह्याच्या निदान तीन-चतुर्थांश भागात पाऊस पडणारच नाही. आपला जिल्हा सुमारे १४,८९५ चौरस किलोमीटरचा आणि अकरा तालुक्यांचा. करमाळ्यात गारा पडत असताना अक्कलकोटला लग्नाच्या मांडवात पंखे फिरत असतात. करमाळ्याच्या शेतकऱ्याने वाचलेला संदेश त्याच्यासाठी खरा ठरतो, अक्कलकोटच्या वऱ्हाड्यासाठी तोच खोटा ठरतो, आणि तालुक्यांची संख्या पाहता दर वेळी ‘खोटा’ म्हणणारे बहुमतात असतात.

लोकांचे यात चुकते असे मी म्हणणार नाही. परिभाषेतला शब्द रोजच्या बोलीतल्या शब्दासारखा दिसतो, पण त्यामागचा आकडा कोणी कधी सांगितलेला नसतो. पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा, अशी ती चढती भांजणी आहे. परंतु बातम्यांत तिन्ही रंगांना सरसकट ‘अलर्ट जारी’ असे म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनात तिन्हींचा एकच करडा रंग होतो.

इशारे देणाऱ्यांची बाजूही पाहिली पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग यांच्यासारख्या संस्थांकडून आलेली सूचना ‘सचेत’ या, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने घडवलेल्या यंत्रणेतून ठरावीक टापूपुरती पुढे जाते. इशारा दिला नाही आणि जीव गेला, तर चौकशी लागते. इशारा दिला आणि काहीच झाले नाही, तर कोणी विचारत नाही. या व्यवस्थेत कोणताही शहाणा अधिकारी एक इशारा जास्तच देईल. मीही दिला असता.

पण जास्तीच्या इशाऱ्याची किंमत अदृश्य असते, ती शून्य नसते. २०२० साली प्रत्येक फोन लावताना आधी खोकला आणि मग करोनाची सूचना ऐकू यायची. पहिले काही दिवस लोकांनी ती ऐकली, नंतर ती टाळण्यासाठी कोणते बटण दाबायचे याची माहिती एकमेकांना पुरवली. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे पाचच्या आधी, एका पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडल्याचा संशय असलेल्या माणसाबद्दलचा इशारा राज्यभर वाजवला गेला. घटनास्थळापासून शेकडो मैलांवर झोपलेले लोकही त्यामुळे जागे झाले. तेथील दूरसंचार आयोगाकडे हजारो तक्रारी गेल्या, आणि अनेकांचे म्हणणे एकच होते की आता आम्ही हे इशारे बंदच करून टाकू. पुराचा आणि वादळाचा इशाराही मग त्याच वाटेने येणार नाही. आपल्याकडे ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतात. इशाऱ्यांच्या बाबतीत मात्र राखणदाराने खोटे बोललेलेच नसते. लांडगा खरेच आलेला असतो, पण चौथ्या गावात.

चुकीचा इशारा गेला, तर तो किती लवकर मागे घेतला यावर लोकांचे मत ठरते. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून गेला आणि तो चुकीचा होता हे त्याच फोनवर कळायला ३८ मिनिटे लागली. याच्या अगदी उलट प्रसंग स्पेनमधील व्हॅलेन्सियाचा. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथील हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता, पण लोकांच्या फोनवर संदेश वाजला तो रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी, जेव्हा कित्येक रस्त्यांवर, तळघरांत आणि मोटारींत पाणी शिरलेले होते. त्या पुरात दोनशेहून अधिक माणसे दगावली. हवाईतील लोकांचा संताप आणि व्हॅलेन्सियातील लोकांचा संताप यांची तुलना करता येणार नाही, हे उघड आहे.

सोलापूर जिल्ह्याची खरी कसोटी पावसाच्या नव्हे, पाण्याच्या इशाऱ्यात आहे, कारण येथे पाऊस एकीकडे पडतो आणि पूर दुसरीकडे येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने जे केले ते अजून ओले आहे. एरवी वर्षातील बराच काळ जिच्या पात्रातून माणसे चालत जातात ती सीना, अहिल्यानगर, धाराशिव आणि बीड या शेजारच्या जिल्ह्यांत कोसळलेल्या पावसाने इतकी फुगली की करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी नदीकाठचा माणूस आधी आभाळाकडे पाहतो, आणि आभाळ फसवते. डोक्यावर चांदणे आहे आणि फोन म्हणतो, घर सोडा. यातले काय खरे मानायचे, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आजवर ज्या खुणांवर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवला त्या खुणांचा तो प्रश्न आहे.

खरे तर पाण्याच्या आकड्यांशी सोलापूरकराची जितकी घसट आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. “उजनी किती टक्के झाले?” हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये ‘जेवण झाले का’ इतक्या सहजतेने विचारला जातो. उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी (अब्ज घनफूट), त्याखालचा मृत साठा सुमारे साडेत्रेसष्ट, आणि उन्हाळ्यात पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरून धरण ‘उणे’ होते म्हणजे काय, हे पानटपरीवर उभा असलेला माणूसही समजावून सांगेल. पण टक्क्यांवरून क्युसेकवर आलो की गाडी अडते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. म्हणजे धरणातून एक लाख क्युसेक सोडले, तर दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी पुढे निघाले. एवढे गणित केले तरी ते पाणी माझ्या उंबऱ्याला कधी लागेल, याचे उत्तर मिळत नाही. पंढरपुरातील जुन्या माणसांचे मोजमाप निराळे आहे: दगडी पूल बुडाला का, चंद्रभागेच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याने वेढले का, पाणी व्यासनारायण झोपडपट्टीकडे वळले का. त्यांना क्युसेक कळत नाहीत असे नाही. क्युसेकचे पायऱ्यांमध्ये भाषांतर करून कोणी देत नाही.

म्हणून माझे मत असे की लोकांचा अविश्वास कमी करायचा असेल, तर आवाज वाढवून उपयोग नाही, टापू अरुंद करावा आणि भाषा जवळ आणावी. ‘नदीपात्रात विसर्ग वाढण्याची शक्यता असल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य घ्या. त्यात नदीचे नाव नाही, वेळ नाही, सतर्क राहून नेमके करायचे काय ते नाही. त्याऐवजी समजा असा संदेश आला: ‘सीनेचे पाणी आज रात्री दहापर्यंत गावठाणात येईल. जनावरे सोडा, कागदपत्रे घ्या, शाळेच्या इमारतीत या. तहसीलदार.’ हा वाचून माणूस उठेल, कारण त्यात कुठे, कधी, काय आणि कोण या चारही प्रश्नांची उत्तरे आहेत.

येथे एक अडचण यंत्राची आहे, आणि ती मराठीपुरती विशेष जाचक आहे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतील १६० अक्षरे मावतात. पण देवनागरीचे एक जरी चिन्ह आले तरी ती मर्यादा ७० वर येते. शिवाय यंत्र आपली अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातील हलन्त हे सारे ते वेगळे धरते. ‘अतिवृष्टीची’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, यंत्राला अकरा. ‘सोलापूर’ चार नव्हे, सात. त्यामुळे मराठी इशारा तुकडे करून पाठवावा लागतो आणि फोनने ते पुन्हा जोडायचे असतात. अशा काटकसरीच्या जागेत ‘नागरिकांनी’, ‘सतर्क’, ‘शक्यता’ या शब्दांवर चिन्हे खर्च करणे म्हणजे दुष्काळात अंगणात सडा घालण्यासारखे आहे.

भाषेचा प्रश्न मराठीपाशीही संपत नाही. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवर कन्नड, शहराच्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू. आणि कारखान्यातल्या अक्कांसारख्या कित्येक जणी तेलुगू बोलतात, मराठी समजतात, पण वाचत कोणतीच लिपी नाहीत. त्यांच्यापर्यंत इशाऱ्याचा फक्त आवाज पोहोचतो, आशय शेजारच्याला विचारावा लागतो. आपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वीपासून नोंदवले आहे की पहिला इशारा ऐकून माणसे लगेच पळत नाहीत. आधी दुसऱ्याला विचारतात, बाहेर डोकावतात, नातेवाइकांना फोन करतात. ते या विचारपुशीला बेफिकिरी मानत नाहीत. जो वेळ जातो तो विश्वास बसायला लागणारा वेळ आहे.

आणि विश्वास चुकीच्या ठिकाणीही बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठार मारले. त्यांतील बहुतेक जण आपल्याच मंगळवेढा तालुक्यातील होते. त्या अफवा मोबाइलवरूनच फिरत होत्या. त्यांना ना सही होती ना कार्यालय, पण त्या ओळखीच्या माणसाकडून आलेल्या होत्या. सरकारी संदेशाला नेमकी हीच ओळख नसते, आणि त्यातच ‘अनोळखी संदेश उघडू नका’ हा धडा सायबर फसवणुकीने सर्वांना दिला आहे. अक्कांना पहिल्यांदा बँक आठवली ती त्यामुळे. त्यांची शंका मला शहाणपणाचीच वाटली.

खऱ्या इशाऱ्याची ओळख त्यामुळे सांगून ठेवतो. सेल ब्रॉडकास्ट पडद्यावर आपोआप उमटतो, त्याचा आवाज आणि थरथर नेहमीच्या घंटीहून निराळी असते आणि तो कोणाच्याही क्रमांकावरून आलेला नसतो. एसएमएस सरकारी असेल, तर २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर इंग्रजी ‘जी’ हे अक्षर असते. पैसे, ओटीपी किंवा खाते क्रमांक कोणताही इशारा मागत नाही. खात्री करायची असेल, तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे, आणि जिवावर बेतले असेल तर ११२.

हे इशारे बंद करण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. अँड्रॉइडमध्ये सुरक्षा किंवा आपत्कालीन सूचनांच्या सेटिंगमध्ये, आयफोनमध्ये सूचनांच्या यादीत अगदी तळाशी. बंद करणाऱ्या प्रत्येकाला मी दोष देणार नाही. ब्रिटनमध्ये २०२३ च्या देशव्यापी चाचणीपूर्वी घरगुती हिंसाचारग्रस्त महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी, घरात लपवून ठेवलेला दुसरा फोन अचानक वाजू नये म्हणून तो इशारा कसा बंद करावा हे मुद्दाम सांगितले होते. असा लपवलेला फोन आपल्याकडे नाही, असे कोण म्हणेल?

सीनेचा पूर ओसरल्यावर पुन्हा त्या कारखान्यात जाणे झाले. अक्कांचे माहेर मोहोळ तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. भावाच्या दोन म्हशी वाहून गेल्याचे त्या कांडी भरता भरता सांगत होत्या. मग त्यांनी फोन पुढे केला. २०२३ च्या त्या सकाळी घाबरून त्यांच्या नातवाने सगळे इशारे बंद करून टाकले होते, ते सुरू करून हवे होते. मी एकेक बटण सुरू करत गेलो. शेवटचे चाचणीच्या संदेशाचे होते.

“तेवढे राहू द्या, दादा,” त्या म्हणाल्या. “खोटे वाजायचे नको.”